तेलातली कबड्डी



नायगावात आमच्या गल्लीतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर कायम कुलूप लावलेली एक खोली आहे. दारावर कवटीचं चित्र आणि ‘धोका, ११००० व्होल्ट’ अशी पाटी. आतून दिवसरात्र घुंऽऽ असा आवाज येत असतो. मागच्या महिन्यात क्रिकेट खेळताना आमच्या वर्गातल्या मुलांचा चेंडू वरच्या फटीतून आत गेला. एक जण जाळीवर चढायलाही लागला! मी जोरात ओरडले, तेव्हा कुठे उतरला. दुसऱ्या दिवशी गणित बाजूला ठेवून आम्ही त्या खोलीबद्दलच बोललो.

खोलीत असतं रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर. ११००० व्होल्टची वीज उतरवून ते आपल्या घरासाठी २३० व्होल्टची करतं. पुष्कळशा रोहित्रांत तारांची वेटोळी तेलात बुडवलेली असतात. ते तेल भज्यांचं नव्हे हं! खनिज तेलापासून बनवलेलं, पातळ, फिकट पिवळं. त्याला दोन कामं असतात. तारांची उष्णता बाहेर नेणं आणि वीज भलतीकडे उडी मारू न देणं.

या तेलाचीही परीक्षा असते बरं का! तेलात धातूचे दोन गोळे अडीच मिलिमीटर अंतरावर ठेवतात आणि व्होल्ट वाढवत नेतात. तेवढ्या अंतरातली हवा सात-आठ हजार व्होल्टलाच हार मानते. नव्या तेलाने मात्र निदान ३० हजार सोसायला हवेत. गाळून, सुकवून घेतलं तर ७० हजारही! पण त्यात ओल किंवा धूळ शिरली की ताकद घटते. मग ठिणगी पडते, तेलाचा वायू होतो, टाकीत दाब वाढतो आणि आगही लागू शकते. आपल्यासारख्या दाटीच्या वस्तीत असं झालं तर? म्हणूनच दाट वस्तीत, इमारतींच्या आत बऱ्याच ठिकाणी बिनतेलाची, कोरडी रोहित्रं बसवतात.

आता गंमत ऐका. काही शास्त्रज्ञ या तेलात मुद्दाम कण टाकून बघतात! हे सांगितल्यावर एका मुलीने लगेच विचारलं, “बाई, धुळीने तेल बिघडतं ना? मग कण कशाला टाकायचे?”

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर कणांच्या आकारात आणि जातीत आहे. हे असतात नॅनोकण. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे कण असे पाच-दहा नॅनोमीटरचे, कधी त्याहून थोडे मोठे. वाळूत लोहचुंबक फिरवल्यावर काळे कण चिकटतात ना? त्यांत मॅग्नेटाइट असतं. त्याचेच नॅनोकण तेलात मिसळून अमेरिकेत एक प्रयोग झाला. तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. वीज कोसळावी तसा क्षणभराचा धक्का देऊन पाहिला, तर साधं तेल ८६ हजार व्होल्टला फुटलं आणि कणांचं तेल १५७ हजारांना! उलट्या दिशेच्या धक्क्याला मात्र असा फायदा दिसला नाही.

असं का होतं? कबड्डी आठवा. तेल फुटायला लागतं तेव्हा इलेक्ट्रॉन सुसाट पळत सुटतात, चढाई करून मध्यरेषेकडे धावणाऱ्या गड्यासारखे. पुढे २०१० च्या सुमारास एमआयटी या अमेरिकन संस्थेतल्या संशोधकांनी गणिताने दाखवलं, की नॅनोकण या इलेक्ट्रॉनचा पट काढतात! पायाला असं लोढणं अडकलं की त्याची चाल मंदावते आणि ठिणगीची वाट पुढे सरकायला उशीर होतो.

मग सगळ्या रोहित्रांत हे तेल का नाही? कारण कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात आणि तळाशी बसतात. मग ती धूळच झाली की! प्रमाण जास्त झालं तरी तेल उलट कमजोर होतं. रोहित्राला तर पंचवीस-तीस वर्षं काम करायचं असतं. म्हणून कणांवर ओलेइक आम्लासारखा पातळ थर देऊन त्यांना वेगळं ठेवायचा प्रयत्न चालू आहे. हे आम्ल आपल्या शेंगदाण्याच्या तेलातही असतं. पण रोजच्या वापरात हे नवं तेल अजून रुळलेलं नाही.

करून पहा : एका पेल्यात पाणी घेऊन चिमूटभर माती ढवळा. दुसऱ्यात पाणी आणि दोन चमचे दूध. माती खाली बसेल, दुधातले बारीक कण तरंगत राहतील. आता दुधाच्या पेल्यात लिंबू पिळा. कण गोळा होऊन खाली बसू लागतील. शास्त्रज्ञांची अडचण काय आहे ती तुमच्या पेल्यात दिसेल!

आणि हो, तो चेंडू अजून आतच आहे. वीज कंपनीचा माणूस कुलूप उघडेल तेव्हा देईल. नाही मिळाला तर नवा घेऊ. चेंडू दुकानात मिळतो, मुलं मिळत नाहीत.

तुमच्या बाई