विश्लेषण : तीन पायांच्या, आंधळ्या, लुळ्या कुत्र्यांना घर कोण देणार? पुण्यातील निवारा केंद्रांपुढचा पेच

भटक्या कुत्र्यांचे करायचे काय, यावर ऑगस्ट २०२५ पासून देशभर वाद सुरू आहे. वादाला दोनच बाजू असल्यासारखे चित्र उभे राहते. कुत्री रस्त्यावरून हटवा, असे एक बाजू म्हणते. नसबंदी आणि लसीकरण करून होती तिथेच सोडा, असे दुसरी. पण कोणतीही बाजू जिंकली तरी ज्यांचा प्रश्न सुटत नाही, अशी काही कुत्री आहेत. मोटारीखाली मणका मोडलेले, डोळे गेलेले, एक पाय कापावा लागलेले, फिट येणारे कुत्रे रस्त्यावर परत जाऊच शकत नाही. ते निवारा केंद्रातच राहते, आणि दत्तक घ्यायला येणारी माणसे त्याच्या पिंजऱ्यासमोरून पुढे जातात.

न्यायालयाच्या आदेशांत दत्तकाचा मुद्दा कुठे आला?

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर गदारोळ झाला आणि २२ ऑगस्टला न्या. विक्रम नाथ यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीजची लागण झालेली किंवा तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असे ठरले. याच आदेशात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. प्राणीप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेता येईल. त्या कुत्र्यावर ओळखखूण लावली जाईल आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची राहील.

७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने दबाव आणखी वाढवला. शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानकांच्या आवारातील कुत्री पकडून निवारा केंद्रांत न्यावीत आणि तिथे परत सोडू नयेत, असे त्यात म्हटले आहे. पुण्यापुरता विचार केला तरी विद्यापीठाच्या आवारापासून ससूनपर्यंत आणि स्वारगेटपासून रेल्वेस्थानकापर्यंत ही यादी लांबत जाते. महापालिकेच्या २०२३ च्या पाहणीत शहरात सुमारे १.८० लाख भटकी कुत्री असल्याचे आढळले होते. त्यांतली थोडी जरी कायमची आत आणायची म्हटली, तरी मोकळ्या जागेचा प्रश्न लगेच उभा राहतो.

मग अपंग कुत्री नियमांत कुठे बसतात?

नीटशी कुठेच नाहीत. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये लागू केलेले प्राणी जन्मनियंत्रण नियम धडधाकट कुत्र्याचा विचार करून लिहिलेले आहेत. पकडा, नसबंदी करा, लस द्या, होते तिथे सोडा, असा त्यांचा क्रम आहे. असाध्य आजार झालेल्या किंवा प्राणघातक जखमी कुत्र्याला वेदनारहित मृत्यू देण्याची तरतूद त्यांत आहे, पण तो निर्णय नेमलेल्या पथकाने घ्यायचा असतो. मागचे पाय लुळे पडलेले, तरीही पोटभर जेवणारे आणि माणूस दिसला की शेपूट हलवायचा प्रयत्न करणारे कुत्रे या दोन्ही प्रकारांत मोडत नाही. ते मरणाच्या दारात नाही आणि रस्त्यावर जगूही शकणार नाही. आपसूकच त्याचा भार पडतो प्राणी संस्थांवर. पुण्यात नेहा पंचमिया यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट’सारख्या संस्था जखमी प्राण्यांवर उपचार करतात. पण उपचार संपल्यावर काय, हा प्रश्न रुग्णालयाचा राहत नाही, घराचा होतो.

एक ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. साधे हाड मोडलेले कुत्रे बरे व्हायला दीड महिना लागतो असे धरू. लुळे पडलेले तरुण कुत्रे नीट काळजी घेतल्यास सहज आठ वर्षे जगू शकते. म्हणजे त्याने अडवलेल्या एका जागेत तेवढ्या काळात सुमारे ६४ अपघातग्रस्त कुत्री बरी होऊन बाहेर पडली असती. दत्तकाकडे नेहमी दयेच्या नजरेने पाहिले जाते. हा हिशेब मात्र सांगतो की, गोंडस पिल्लू नेणाऱ्यापेक्षा असे एक कुत्रे घरी नेणारा केंद्राला कितीतरी अधिक हातभार लावतो. पिल्लाला आज ना उद्या कुणीतरी नेणारच असते.

‘विशेष काळजी’ म्हणजे किती काळजी?

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. तीन पायांचे, आंधळे, बहिरे आणि लुळे अशी सगळी कुत्री लोकांच्या मनात एकाच रांगेत बसतात. प्रत्यक्षात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तीन पायांच्या कुत्र्याला बहुतेक वेळा वेगळे असे काही करावे लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत ते पळू लागते. कुत्र्याच्या वजनाचा जवळपास ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे पुढचा पाय गेलेल्याला सावरायला थोडे जड जाते, एवढेच. वजन वाढू न देणे हे खरे पथ्य. म्हणजे चहाबरोबरची बिस्किटे बंद, आणि घरातल्या आजोबांना ते पटवणे हेच कदाचित सर्वांत अवघड काम.

आंधळे कुत्रे नाकाने आणि पावलांनी घराचा नकाशा पाठ करते. पाण्याचे भांडे, झोपायची जागा, सोफा हलवायचा नाही, जिन्याला अडसर लावायचा, हात लावण्याआधी आवाज द्यायचा. बहिऱ्या कुत्र्याला हाताच्या खुणा शिकवता येतात. मात्र रस्त्यावर त्याचा पट्टा कधीही सोडायचा नाही, कारण मागून येणारी रिक्षा त्याला ऐकू येत नाही. विसर्जनाचे ढोल आणि लक्ष्मीपूजनाचे फटाके वाजत असताना शहरातली बाकीची कुत्री पलंगाखाली थरथरत असतात, तेव्हा हे मात्र शांत झोपलेले असते!

डिस्टेंपरमधून वाचलेल्या काही कुत्र्यांचा पाय किंवा जबडा आयुष्यभर उडत राहतो. ते पाहून ‘पिसाळले’ म्हणून लोक लांब पळतात. वास्तविक आजार उलटून गेल्यावर राहिलेले हे झटके कुणाला लागत नाहीत, आणि डिस्टेंपर माणसाला होतही नाही. फिट येणाऱ्या कुत्र्याचे गणित औषधाच्या वेळेचे असते. सहसा दर बारा तासांनी गोळी द्यावी लागते, आणि ती मनाने बंद केली तर झटके आणखी जोरात येऊ शकतात. गावी गणपतीला जायचे तर गोळी देणारा माणूस आधी शोधावा लागतो.

आणि मग लुळे कुत्रे. इथे कुणाला खोटा धीर देण्यात अर्थ नाही. मणक्याला मार लागून मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला बऱ्याचदा स्वतःहून लघवी करता येत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोट दोन्ही बाजूंनी दाबून मूत्राशय रिकामे करावे लागते. ते नीट न झाल्यास जंतुसंसर्ग होतो. हे तंत्र पशुवैद्यकाकडून शिकता येते, सरावाने काही मिनिटांचे काम होते, पण त्याला रविवारची सुट्टी नसते. शरीर फरशीवर घासून जखमा होतात, पावसाळ्यात त्या लवकर चिघळतात आणि दुर्लक्ष झाले तर अळ्या पडतात. चाकांची गाडी उपयोगी असते, तिचे व्हिडिओ पाहून मनही भरून येते. पण ती कुत्र्याच्या मापाची लागते आणि फिरण्यापुरतीच वापरायची असते. बाकीचा दिवस मऊ अंथरूण, डायपर, कूस बदलणे यांत जातो. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा ज्यांनी केली आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. ज्यांनी केलेली नाही, त्यांनी केंद्रात जाऊन चार दिवस हे काम स्वतः करून पाहिलेले बरे.

पुण्यात अडते कुठे?

दानत कमी पडते असे नाही, जागा आणि करार आडवे येतात. नोकरीनिमित्त शहरात आलेल्या तरुणांचे घर बहुधा ११ महिन्यांच्या भाडेकरारावर असते आणि कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. हाउसिंग सोसायट्यांना बहुमताच्या ठरावानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण घरमालकाने करारातच अट घातली असेल तर भाडेकरूची अडचण होते. धडधाकट कुत्रे घेऊन नवे घर शोधणे कठीण, डायपर घातलेले कुत्रे घेऊन तर त्याहून कठीण. गुळगुळीत टाइल्सवर लुळ्या किंवा तीन पायांच्या कुत्र्याचे पाय घसरतात, त्यावर जुन्या सतरंज्या अंथरण्याचा उपाय तरी आहे. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याला उपाय नाही.

एक वाट परदेशात जात असे. भारतातली अपंग कुत्री अमेरिका-कॅनडातल्या कुटुंबांनी नेल्याच्या बातम्या अधूनमधून येत. ती वाटही अरुंद झाली आहे. रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून दत्तकासाठी पाठवल्या जाणाऱ्या कुत्र्यांना कॅनडाने सप्टेंबर २०२२ पासून बंदी केली, आणि त्या यादीत भारत आहे. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोचिप, किमान सहा महिने वय, लसीकरणाची कागदपत्रे अशा अटी कडक केल्या. त्यामुळे जे काही व्हायचे ते इथल्याच घरांत व्हायला हवे.

दत्तक घेण्याआधी आणि नंतर

संस्था साधारणपणे अर्ज, घराची पाहणी, घरातल्या सगळ्यांची संमती आणि नंतरची विचारपूस असा क्रम ठेवतात. काहींना हा जाच वाटतो. पण घरात एकालाच कुत्रे हवे असेल आणि तोच दिवसभर बाहेर असेल, तर अपंग कुत्रे आठवड्याभरात परत येते, हे त्यामागचे कारण आहे. घरी आल्यावर महापालिकेकडे नोंदणी करून परवाना घेणे आणि दरवर्षी रेबीजची लस देणे या गोष्टी धडधाकट कुत्र्याइतक्याच याही कुत्र्याला लागू आहेत.

कायदा कुत्रे सोडून देणाऱ्याला गुन्हेगार ठरवतो. शिक्षा मात्र अशी की ती वाचून हसावे की रडावे कळत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. पट्ट्यासह रस्त्यावर सोडलेला म्हातारा लॅब्रेडॉर केंद्रात येतो, तो याच आकड्याच्या भरवशावर. महापालिकेने न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे दत्तकाची यंत्रणा उभी केली, तरी ओळखखूण कुत्र्याला लागेल आणि जबाबदारी मोडणाऱ्याचे ५० रुपयांत भागेल.

म्हणून कायमच्या दत्तकाऐवजी आधी पंधरा दिवस किंवा महिनाभर तात्पुरता सांभाळ, ही पद्धत अशा कुत्र्यांसाठी अधिक योग्य ठरते. तेवढ्या काळात मूत्राशय रिकामे करणे जमते का, औषधाची वेळ पाळली जाते का, घरमालक काय म्हणतो, हे सगळे कळते. जमले नाही तर कुत्रे परत देण्यात लाजण्यासारखे काही नसावे. घरात राहिल्यावर ते कसे वागते, कुणाला बुजते, रात्री झोपते का, ही माहिती पिंजऱ्यात कधीच मिळाली नसती, आणि पुढचे घर शोधताना केंद्राला नेमकी तीच हवी असते.