रात्रीचा घाम अंगावर काढू नका

‘पाळी जायचं वय झालं, घाम येणारच,’ असं म्हणत अनेक बायका महिनोन् महिने दवाखान्यात येत नाहीत. बऱ्याचदा कारण तेच असतं. चेहऱ्यावर, छातीवर एकदम गरम वाफ आल्यासारखी वाटते, घाम फुटतो आणि काही मिनिटांत ओसरतो. सुती कपडे, मोकळी हवा, रात्री चहा-तिखट कमी केल्यास त्रास हलका होतो.

मात्र पंखा चालू असूनही कपडे, उशी भिजत असेल, सोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप असेल, वजन घटत असेल, तर क्षयरोगाची तपासणी करून घ्याच. सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उशीर झाला तर घरातल्या लेकरांनाही लागण होऊ शकते.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी घाम येताच साखर मोजावी. ७० च्या खाली असेल तर लगेच साखरपाणी घ्यावे. थायरॉइड, नैराश्यावरील काही गोळ्या, क्वचित रक्ताचा कर्करोग हीही कारणे असतात. गोळ्या मनाने बंद करू नका. मानेत, काखेत गाठ लागली तर दाखवा.

वयाला दोष द्या, पण तपासणी झाल्यावर.