आनंदसागरची गाडी पुन्हा धावावी का?

अकोला-अमरावतीकडच्या घरात शेगावला जायचे ठरले की दर्शनाच्या जोडीने आनंदसागरचे नाव निघायचेच. आजीचे मन समाधीपाशी, पोट्ट्यांचे झुकझुक गाडीपाशी. श्री गजानन महाराज संस्थानने सरकारी जमीन भाडेपट्ट्याने घेऊन दोनशेहून अधिक एकरांवर हे उद्यान फुलवले. मधोमध तलाव, त्यात कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाच्या धर्तीवरचे ध्यानमंदिर, शिवाय मत्स्यालय, खेळणी आणि छोटी रेल्वे. पुढे भाडेपट्ट्यावरून वाद झाला आणि उद्यान बंद झाले. २०२३ मध्ये फाटक उघडले ते आध्यात्मिक केंद्र म्हणून. जुनी खेळणी आणि गाडी मात्र परतली नाहीत.

तेव्हापासून ‘होते तसे आनंदसागर परत द्या’ ही मागणी वऱ्हाडात ऐकू येते. तिला नुसता भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे चूक ठरेल. अमरावतीकरांना निदान वडाळी आणि छत्री तलाव आहेत, सवड काढली तर चिखलदरा आहे. अकोल्याकडे, खारपाणपट्ट्यातल्या गावांकडे काय आहे? उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, विहिरीचे पाणी खारे लागते, अशा मुलखात एवढी सावली, एवढी स्वच्छता आणि ‘माउली’ म्हणून हाक मारणारे सेवाधारी कष्टकरी कुटुंबालाही परवडेल अशा खर्चात मिळत होते. तालुक्याच्या गावातून एसटीने आलेल्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा मोठा तलाव इथेच पाहिला असेल. शेगावच्या बाजारालाही त्याचा आधार होता. दर्शन आटोपून दुपारीच परतणारे लोक आनंदसागरमुळे संध्याकाळपर्यंत थांबायचे. ऑटोवाल्याला आणि कचोरीवाल्याला तेवढ्यानेच फरक पडत होता.

संस्थानची बाजूही तितकीच वजनदार आहे. दवाखाने चालवणे, अभियांत्रिकी महाविद्यालय सांभाळणे, रोज हजारोंना महाप्रसाद देणे हा त्याच्या कामाचा गाभा. खेळण्यांची देखभाल, गाडीची सुरक्षितता आणि सुट्टीतली गर्दी हे वेगळ्याच धाटणीचे काम आहे. तिथे एक अपघात झाला तर बोट संस्थानकडेच जाईल. शिवाय जमीन सरकारची, म्हणजे साऱ्यांची. तिचा वापर कशासाठी, हे लोकांच्या आठवणींवरून ठरवता येत नाही. पाण्याचा प्रश्न तर आहेच. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, तिथे कारंज्यांसाठी पाणी मागताना मन कचरायला हवे. आणि आज तिथे शांतपणे बसायला येणाऱ्या भाविकांनाही त्या शांततेवर हक्क आहेच.

असा पेच शेगावपुरता नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या डिस्ने उद्यानात १९७१ पासून वाहणारी कृत्रिम नदी २०२५ च्या जुलैत नव्या खेळांसाठी कायमची बंद झाली, तेव्हा तिथल्या जुन्या चाहत्यांनाही असाच चटका बसला. १९८९ मध्ये गोराईला सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले. पण आपल्या कामाचे उदाहरण पुण्यातले आहे. पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला हलवले गेले. प्राण्यांच्या हिताचा तो निर्णय योग्यच होता. मात्र १९५६ पासून धावणारी छोटी रेल्वे ‘फुलराणी’ त्यांच्याबरोबर गेली नाही. पार्क बदलले, गाडी राहिली. बदल करणाऱ्यांनी लोकांचा जीव नेमका कशात आहे, हे पाहिले तर एवढे साधता येते.

आनंदसागरबाबत तो जीव कशात आहे? आमच्या मते मत्स्यालयात नाही, कारंज्यांतही नाही. तीन पिढ्या एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, आपापल्या परीने रमत होत्या, यात तो आहे. सध्याच्या रचनेत आजीची सोय चांगली आहे, नातवाची नाही. म्हणून सगळे जुने परत आणण्याची मागणी आम्ही उचलून धरत नाही. तलाव आणि झाडी आधी जपावी, पाणी खाणारे खेळ सोडून द्यावेत. छोटी गाडी आणि मुलांसाठी एक खेळघर मात्र ध्यानमंदिरापासून लांब, वेगळ्या फाटकाने सुरू व्हावे. त्याचा भार संस्थानवर टाकू नये. पर्यटन विभागाने किंवा नगरपालिकेने तो उचलावा आणि तिकीट मजुराच्या मुलाला परवडेल इतकेच ठेवावे.

पण त्याआधी सरकारने जमिनीचा प्रश्न निकाली काढायला हवा. कोणता भाग कशासाठी आणि किती वर्षांसाठी, हे लेखी ठरल्याशिवाय कुणी पुन्हा रूळ टाकावेत, अशी अपेक्षा करणे न्याय्य नाही. हे ठरवताना महसूल विभागाने एक जाहीर सुनावणी शेगावात आणि एक अकोल्यात घ्यावी, कारण या उद्यानावर माया करणारे बरेच लोक जिल्ह्याच्या सीमेपलीकडचे आहेत.