गरम दुधातले कॉर्नफ्लेक्स

केलॉग्ज ही अमेरिकी कंपनी १९९४ साली भारतात आली आणि मुंबईजवळ तळोज्याला तिने कारखाना उभारला. उदारीकरणाला तीन वर्षे झाली होती, मध्यमवर्गाच्या हातात पैसा खुळखुळू लागला होता. सुरुवातीला खोकी खपलीही. पण कुतूहलापोटी एकदा नेलेले खोके संपल्यावर दुसरे न्यायला गिऱ्हाईक फारसे फिरकले नाही.

याचे एक कारण दुधात होते. अमेरिकेत पाश्चरीकरण केलेले, म्हणजे ठरावीक तापमानाला तापवून जंतुमुक्त केलेले दूध फ्रीजमधून थेट वाडग्यात पडते. आपल्याकडे पिशवीतले असो वा रतिबाचे, दूध घरी आले की आधी गॅसवर चढते आणि सकाळी बहुधा गरमच घेतले जाते. गरम दुधात कॉर्नफ्लेक्स पडले की थोड्याच वेळात त्यांचा लगदा होतो. जाहिरात मात्र कुरकुरीतपणाची होती! थंड दूध घ्यावे, तर त्यात साखर नीट विरघळत नाही.

किंमतही देशी कॉर्नफ्लेक्सपेक्षा चढी होती. शिवाय प्रचाराचा रोख असा, की भारतीय नाश्ता तेलकट आणि पोषणात उणा. पहाटे उठून पोहे-उपमा करणाऱ्या बाईला हे ऐकवून तिच्याच स्वयंपाकघरात जागा मागायची, म्हणजे कमालच.

कंपनीने पुढे स्थानिकीकरणाचा, म्हणजे माल तिथल्या रीतीभातीला जुळवून घेण्याचा, प्रयत्न केला. १९९८ मध्ये ‘मझ्झा’ नावाने आंबा-वेलची, नारळ-केशर आणि गुलाब अशा चवी आल्या. त्याआधी आलेले गोड ‘चॉकोज’ मात्र मुलांनी उचलून धरले.

१९९६ मध्ये आलेल्या मॅकडोनाल्ड्सने वेगळी वाट धरली. गोमांस आणि डुकराचे मांस वगळले, शाकाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकाची जागा आणि भांडी वेगळी ठेवली, मेयोनेजमधून अंडे काढले. हा बदल फलकावर नव्हे, थेट भटारखान्यात झाला होता. आमच्या मते खरा फरक इथेच आहे. परक्या मुलखात जाणाऱ्या बहुतेक कंपन्या स्थानिकीकरणाचे काम जाहिरात खात्याकडे सोपवतात, तेही माल तयार झाल्यावर. केशर-वेलची तेव्हाही घालता येते. दूध तापवण्याची सवय तेव्हा बदलता येत नाही.

पुढे मुंबईच्याच मॅरिकोने सफोला मसाला ओट्स बाजारात आणले. ते गरमच खायचे असतात, तिखटमिठाचे, उपम्यासारखे.