दत्तूला वल्हं लष्करानं दिलं, नाशिकनं नाही

24 ऑगस्ट 2018 आठवतंय? इंडोनेशियातलं पालेमबांग, एशियाडची रोइंग स्पर्धा. त्या एका दिवसात भारताला तीन पदकं. चौघांच्या बोटीचं, क्वाड्रुपल स्कल्सचं, सुवर्ण. त्या बोटीत आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ होता. बाकीची दोन ब्राँझ लाइटवेट गटातली. एक रोहितकुमार-भगवानसिंग जोडीचं, दुसरं दुष्यंतचं एकट्याचं. 2000 मीटर संपवून दुष्यंत इतका गळाला की स्ट्रेचरवरून न्यावं लागलं.

दत्तू आपल्या लक्षात राहिला. लाइटवेटवाल्यांना आपण विसरलो.

लाइटवेट एकेरी म्हणजे काय? पुरुष खेळाडूचं वजन शर्यतीआधी काट्यावर 72.5 किलोच्या आत भरायला हवं. धिप्पाड गड्यांपुढे हलक्या अंगाच्या मुलांनाही जागा मिळावी, म्हणून हा गट. आपली बहुतेक पोरं याच चणीची. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अर्जुनलाल जाट-अरविंदसिंग 11वे आले, भारताच्या रोइंगची तोवरची सर्वोत्तम कामगिरी. हांगझोऊ एशियाडमध्ये याच जोडीला रौप्य. दोन्ही लाइटवेटमध्येच!

आणि पॅरिसनंतर ऑलिम्पिकमधून हा गटच काढून टाकलाय. 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये तो नाही.

आता लगेच सूर लागेल, "आपल्या पोरांचं काय होणार तिथं?" थांबा. 2016 ला रिओमध्ये दत्तू खुल्या गटातच उतरला आणि एकूण 13वा आला. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा, दुष्काळी गावातला पोरगा. 2012 ला लष्करात गेला, तिथं उंची बघून त्याला बोटीत बसवलं. पाण्याची भीती होती. तरी चार वर्षांत ऑलिम्पिक! हेच वल्हं त्याला बाराव्या-तेराव्या वर्षी मिळालं असतं तर?

वजनाची सवलत गेली. म्हणजे आता लवकर सुरुवात, चांगला आहार आणि रोजचं पाणी, एवढंच हातात उरतं. नाशिककडे यातलं पाणी तर आहे ना? गंगापूर धरण आहे, गोदावरी आहे, नदीवर केटीएचएमचा बोट क्लब आहे. पण नदीत पाणवेली आणि सांडपाणी असेल तर कुठले आईबाप पोराला तिथं पाठवतील?

सिंहस्थासाठी गोदावरीवर कोट्यवधींची कामं चाललीत. घाट होतील, रस्ते होतील, व्हायलाच हवेत. माझं मागणं छोटं आहे. नाल्यांचं पाणी नदीत येणं थांबवा. पाणवेली बारा महिने काढा, फक्त पर्वणीपुरत्या नको. आणि सरावाच्या काही बोटी जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांसाठी ठेवा, चांदवड-येवल्याच्या पोरांच्या राहण्याच्या सोयीसकट. स्वच्छ पाणी भाविकालाही हवं आणि वल्हं मारणाऱ्यालाही.

दत्तूचे सत्कार आपण खूप केले. पुढच्या दत्तूसाठी काय करतोय? आपल्या नगरसेवकाला, आमदाराला हे एकदा विचारा. काय उत्तर मिळालं ते इथं नक्की लिहा.