पन्हळीलाही जागा हवी

मैत्रिणींनो, मृग तोंडावर आला की घरोघरी छपराची डागडुजी सुरू होते. पत्र्याची गंजकी पन्हळ काढून प्लॅस्टिकची बसवायचा बेतही पुष्कळजणींचा असेल. जरूर बसवा, पण आधी आमची फजिती ऐका.

आमचे घर कळंबा तलावाजवळ. पौषातल्या एका गारठ्याच्या सकाळी मिस्त्रींनी पन्हळ बसवली. तुकड्याला तुकडा भिडवून, सांधे चिकटवून, वर स्क्रू मारून अशी घट्ट, की मी खूश! वैशाखात पाहते तो पन्हळ मध्येच फुगून वाकलेली. आणि एका संध्याकाळी तापल्या पन्हळीवर वळीव कोसळला, काडकन आवाज झाला, सांधा फुटला. पाणी थेट सासूबाईंच्या खोलीच्या भिंतीत! ‘स्वस्तातलं आणलंस, भोग आता,’ हा ह्यांचा टोमणा वर. पण दोष प्लॅस्टिकचा नव्हता, घट्ट बसवण्याचा होता.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. निवली की ती आवळते. प्लॅस्टिक तर लोखंडाच्या सुमारे पाचपट वाढते. थंडीतल्या पहाटेपेक्षा उन्हाळी दुपारी पन्हळ ४० अंशांनी जास्त तापली, तर ४ मीटरचा तुकडा जवळजवळ १ सेंटिमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा नसेल तर तो वाकतो, नाहीतर सांधा फोडतो.

तेव्हा काम चालू असताना स्वतः उभे राहून एवढे पाहा :

१. सांध्याच्या तुकड्यात बहुधा आतून खूण असते. पन्हळीचे टोक तिथपर्यंतच घालावे. खूण नसल्यास गारव्यात काम करताना ४ मीटरच्या तुकड्यामागे १ सेंटिमीटर फट ठेवावी. भर उन्हात त्याच्या निम्म्याहून कमी पुरते.

२. सांधा रबरी पट्टीचा घ्यावा. त्यात चिकटद्रव्य किंवा लुकण मुळीच घालू नये.

३. पन्हळीतून आरपार स्क्रू नको. ती ब्रॅकेटमध्ये अडकलेली, पण सरकती असावी. ब्रॅकेट दोन-तीन फुटांवर हवेत.

४. पाणी खाली नेणाऱ्या नळाजवळचा तुकडा तेवढा पक्का करावा. दुसरे टोक भिंतीला भिडू देऊ नये. बोटभर जागा सोडावी.

५. नळाकडे उतार हवाच. १० मीटरला २-३ सेंटिमीटर पुरे.

आम्ही तीच पन्हळ उतरवली, चिकटलेली टोके कापली, सांधे तेवढे नवे घेतले. भर पावसाळ्यात भिंत कोरडी राहिली. आता दुपारी छपराकडून टिक् टिक् ऐकू आले, की सासूबाई म्हणतात, ‘पन्हळ अंग मोकळं करतीय गं!’

मिस्त्री ‘घट्ट बसवतो, बाई’ म्हणाले, तर हसून म्हणा, ‘पक्की बसवा, पण घट्ट नको!’