दोष लांबीचा नाही, वाटेचा

‘वायर लांब पडली, म्हणून नेट हळू चालतंय,’ असं निदान आपल्याकडे फार सहज केलं जातं. ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. दोन-तीन खोल्यांच्या घरात वायर कितीही फिरवून नेली तरी वीस-पंचवीस मीटरच्या पुढे क्वचितच जाते. इथरनेटची मर्यादा आहे १०० मीटर, आणि साध्या कॅट ५ई वायरवरही तेवढ्या अंतरात एक गिगाबिटचा वेग मिळतो.

घात होतो तो वायर नेताना. सरकत्या खिडकीच्या फटीतून आत घेतलेली वायर पाहा. दर वेळी झडप तिच्यावर दाबली जाते आणि तिथे ती चपटी होत जाते. आत आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ निराळा असतो. बाहेरचा विद्युत गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो. पलीकडच्या टोकाला दोघींतला फरक तेवढा मोजला जातो, म्हणून गोंगाट गळून पडतो. पीळ बिघडला की हे संरक्षण गेलं. जॅक बसवतानाही पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडू नये. प्रत्यक्षात दोन-दोन इंच उघडलेल्या तारा सर्रास दिसतात, आणि याची मला खरोखर चीड येते.

एखादी तार तुटली तरी नेट बंद पडेलच असं नाही, म्हणून दोष लपून राहतो. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. १०० एमबीपीएसला दोन पुरतात. कॉम्प्युटरवर लिंकचा वेग १०००ऐवजी १०० दिसला, तर महागडा प्लॅन घेण्याआधी वायर तपासा.

वायर घेताना एक तार पात्याने खरवडून बघा. आत पांढरट निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. ती लवकर तुटते, रोधही जास्त. त्याच वायरवरून वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यासाठी ती मुळीच नको.

विजेच्या आणि नेटच्या वायरी एकाच पाइपात घालू देऊ नका. गोंगाटापेक्षा शॉकची भीती मोठी. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. घराचं काम काढलं असेल, तर प्लास्टरच्या आधीच वायरमनकडून नेटसाठी वेगळा पाइप टाकून घ्या आणि वळणं मोठी ठेवायला सांगा.